एमसीआर म्हणजे सुटका नव्हे

‘कॉलेजच्या खुनातला आरोपी कोर्टातून सुटला, उद्या बंद पाळा’ हा मेसेज आपल्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. आरोपी सुटलेला नाही. रिमांडच्या वेळी मी कोर्टातच होतो. पोलीस कोठडी संपली म्हणून एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली आणि गाडी थेट हर्सूल जेलला गेली. जामिनाचा अर्जसुद्धा झालेला नाही. उलट १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात खुनाच्या गुन्ह्यात एकूण १५ दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येते. त्यातले दिवस उरले असतील, तर कोर्टाच्या परवानगीनं पोलीस त्याला पुन्हा ताब्यात घेऊ शकतात.

तोंड झाकून नेलं म्हणजे वशिला, असंही त्यात लिहिलंय. साक्षीदारानं ओळख परेडीआधीच चेहरा पाहिला, तर आरोपीचा वकील त्याच मुद्द्यावर परेड उडवायला बघतो. त्या काळ्या बुरख्याचा फायदा झाला तर फिर्यादीलाच.

आणि सोबतचा फोटो भलत्याच पोराचा आहे, फक्त आडनाव सारखं. त्याची माय दाराला कडी लावून बसलीय. राग कुणालाही येईल, लेकरू गेलंय. पण हा मेसेज पुढं ढकलू नका, आणि फोटो टाकला असेल तर आत्ताच सगळ्यांसाठी डिलीट करा.