अंगठा दाखवला म्हणे!

"मीटिंग चारला" या साहेबांच्या मेसेजवर मी अंगठ्याचा इमोजी टाकला. झालं! साहेब दिवसभर फुगलेले. "मला अंगठा दाखवतेस?" अहो, होकार होता तो! आणि तुमची ती तीन-तीन टिंबं? "ठीक आहे... बघू..." वाचून आमची रात्रभर झोप उडते, नोकरी गेली की काय! विचारलं तर म्हणे, सवय आहे. वा! आधी मेल पाठवायचा, मग मेल पाठवलाय हे सांगायला फोन करायचा, मग फोनवर तोच मेल वाचून दाखवायचा. प्रिंट हवी ती वेगळीच. सहाला बॅग उचलली की मात्र "आज हाफ डे का?" सकाळी नऊला आले तेव्हा कुठे होतात हो तुम्ही? कानात हेडफोन दिसले की म्हणे गाणी ऐकते. तुमच्याच मीटिंगचं रेकॉर्डिंग ऐकतेय, साहेब. तिसऱ्यांदा!