हार किती गाऊ?

कोळंबी भरून वाफवलेल्या त्या कँटनी पदार्थाच्या नावाचा खरा उच्चार ‘हा-गाव’च्या जवळ जाणारा आहे, परंतु हाँगकाँगच्या चहाघरात रोमन लिपीतले ते नाव मी मराठी वळणाने ‘हार गाऊ’ असे वाचले आणि पुढचा अर्धा तास तेच केले.

रविवारी सकाळी तेथे स्वतंत्र टेबल मिळण्याची आशा धरू नये. मला एका वृद्ध दांपत्यासमोर बसवण्यात आले. आजोबांनी माझ्या वाटीत पहिला चहा ओतला आणि मी तो आदराने पिऊन टाकला. तो वाटी व काड्या विसळण्यासाठी होता, हे मला आजींच्या चेहऱ्यावरून समजले.

मग बांबूची करंडी आली. आत चार नग. आपल्या उकडीसारखेच उकळत्या पाण्यात भिजवलेले पीठ, फक्त तांदळाऐवजी गव्हाच्या सत्त्वाचे, म्हणजे कुरडयांच्या चिकाचे जवळचे नातेवाईक. आणि पारी इतकी पारदर्शक की आतली कोळंबी गुलाबी दिसत होती. किमान सात, शक्यतो दहाहून अधिक कळ्या असाव्यात असा तेथील दंडक आहे. मी मोजल्या. अकरा भरल्या, त्याही सगळ्या एकाच बाजूला. माझ्या मोदकांना पाचवी कळी पाडताना तडा जातो, हे येथे नमूद करणे आवश्यक नव्हते.

प्लास्टिकच्या गुळगुळीत काड्यांनी पहिला नग उचलला, तेव्हा पारी करंडीच्या तळाशी चिकटून राहिली आणि कोळंबी तेवढी वर आली. दुसरा थेट चहात पडला. अस्वस्थपणे मी टेबलावर बोटे वाजवत होतो, नेमके तेव्हाच आजोबा चहा ओतत होते, आणि चहा ओतणाऱ्याचे आभार तेथे बोटे टेकवूनच मानतात. आजींनी प्रथमच पसंतीची मान डोलावली.

ते यश फार टिकले नाही. किटलीचे झाकण तिरके राहिलेले दिसताच मी ते घरच्या शिस्तीने नीट बसवले. आजोबांनी पुन्हा तिरके केले. मी पुन्हा बसवले. वेटरला गरम पाणी आणण्याची ती खूण होती आणि माझ्या कृपेने आम्ही तिघेही कोरड्या किटलीसमोर बसून होतो. अखेर आजोबांनी तिसऱ्यांदा झाकण तिरके केले, आणि आजींनी माझा हात धरून ठेवला.