जुग सहस्र जोजन आणि आमच्या घरातला वाद

गेले चार दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. तिथे तुकड्यातुकड्यात लिहिलं की अर्धं कुणी वाचत नाही आणि उरलेल्या अर्ध्यावर भांडण होतं, म्हणून इथे सलग लिहिते. लांब होईल, सवडीने वाचा.

सुरुवात दादाच्या फॉरवर्डने झाली. तुमच्यापैकी बहुतेकांना तो आलेला असणार. हनुमान चालीसातली ओळ, "जुग सहस्र जोजन पर भानू, लील्यो ताहि मधुर फल जानू", म्हणजे इतक्या लांबचा सूर्य मारुतीने गोड फळ समजून गिळला. मग खाली हिशेब. जुग म्हणजे 12,000, सहस्र म्हणजे 1,000, जोजन म्हणजे 8 मैल, गुणाकार केला की 9 कोटी 60 लाख मैल, म्हणजे 15 कोटी 36 लाख किलोमीटर. आणि सूर्य आपल्यापासून सरासरी 14 कोटी 96 लाख किलोमीटरवर आहे. तुलसीदास 1623 साली गेले, युरोपात कॅसिनी आणि रिशे या खगोलशास्त्रज्ञांनी मंगळाच्या वेधांवरून सूर्याचं अंतर काढलं ते 1672 मध्ये, मग तुलसीदासांना हे कुणी सांगितलं? म्हणजे शब्द देवाचेच. आणि खाली "सिद्ध झालं" असं लिहिलेलं.

आधी एक सांगते, नाहीतर कमेंटमध्ये पहिलं वाक्य तेच येईल. मी नास्तिक नाही. अण्णा रोज दिवेलागणीला आम्हाला ओळीने बसवून भीमरूपी म्हणायला लावायचे आणि आजही माझ्या घरी ती म्हटली जाते, शनिवारी मारुतीला तेल घालते, बहे-बोरगावला कृष्णेच्या पात्रातल्या मारुतीसमोर उभी राहिले की अजून डोळे भरून येतात. आणि बावीस वर्षं मी शाळेत गणित शिकवते. या दोन्ही गोष्टी माझ्यात कधी भांडल्या नाहीत. त्यांना भांडायला लावतं ते हे असलं "सिद्ध झालं", आणि म्हणूनच मला राग आला.

आता हिशेबच बघू.

जुग म्हणजे 12,000 हे कुठून आलं? पुराणांत चार युगं मिळून 12,000 दिव्य वर्षं सांगितलीत, तिथून. पण ती वर्षं आहेत, अंतर नाही. तीच चार युगं माणसांच्या वर्षांत मोजली तर 43,20,000 होतात. जुन्या ज्योतिषग्रंथांत शब्दांनी आकडे लिहायची पद्धत होती, डोळा म्हणजे 2, वेद म्हणजे 4, तसं तिथे युग म्हणजे 4. आणि साध्या संस्कृतात युग म्हणजे जोडी, पदयुग म्हणतो ना आपण, म्हणजे 2. एका शब्दाच्या चार किमती झाल्या, 2, 4, 12,000 आणि 43,20,000. यातली 12,000च घ्या असं चालीसात कुठे लिहिलेलं नाही.

आणि योजन? हे तर त्याहून अवघड. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात पृथ्वीचा व्यास 1,600 योजनं आहे, खरा व्यास 12,756 किलोमीटर, म्हणजे त्यांचं योजन साधारण 8 किलोमीटरचं, 5 मैल. आर्यभटाने व्यास 1,050 योजनं दिलाय, म्हणजे त्याचं योजन 12 किलोमीटरच्या आसपास, साडेसात मैल. फॉरवर्डमध्ये 8 मैल. आणि दादाने दुसऱ्या दिवशी जो मेसेज टाकला त्यात 9 मैल!

तो दुसरा मेसेजही सांगते कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. चौदाव्या शतकात विजयनगरच्या काळात सायणाचार्यांनी ऋग्वेदावर भाष्य लिहिलं, त्यात सूर्याला उद्देशून एक श्लोक आहे, अर्ध्या निमिषात 2,202 योजनं जाणाऱ्या तुला नमस्कार असो. प्रकाश हा शब्द श्लोकात नाही, पण लोक म्हणतात हा प्रकाशाचा वेग. योजन 9 मैल धरा, निमिष म्हणजे 16 भागिले 75 सेकंद धरा, की वेग सेकंदाला 1,85,794 मैल येतो, खरा आहे 1,86,282. जुळलं. मी थक्क झाले होते पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खोटं कशाला बोलू.

पण मग मी एवढंच केलं, दोन्ही हिशेब एकाच योजनाने करून पाहिले. 8 मैल दोन्हीकडे ठेवले तर सूर्य जवळपास जुळतो पण प्रकाशाचा वेग 1,65,150 वर येतो. 9 मैल ठेवले तर प्रकाश जुळतो पण सूर्य 10 कोटी 80 लाख मैलांवर जातो, खरं अंतर 9 कोटी 30 लाख. (हे लिहिल्यावर धाकट्या काकूंचा लगेच मेसेज, अगं 108 आले बघ! आकड्यांचं हे असंच असतं, चुकीच्या उत्तरातसुद्धा काहीतरी ओळखीचं सापडतंच.) आर्यभटाचं साडेसात मैलांचं योजन घेतलं तर सूर्य 9 कोटी मैलांवर येतो, तेही जवळच आहे हे मी प्रामाणिकपणे मान्य करते, पण मग प्रकाश 1,54,828. निमिषाचंही तेच, एका परंपरेत 15 निमिषांची एक काष्ठा (काळाचं जुनं माप), मनुस्मृतीत 18 ची, तिथे परत उत्तर बदलतं.

म्हणजे योजन किती मैलांचं हे कोण ठरवतंय? उत्तर ठरवतंय. आधी आजच्या पुस्तकातून अंतर घ्यायचं, मग जे योजन आणि जे युग घेतलं की ते अंतर येतं तेवढंच घ्यायचं. वर्गात एखाद्या मुलाने पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून मधल्या पायऱ्या जुळवून लिहिल्या तर मी त्याला मार्क देत नाही, आणि मुलांनाही ते कळतं.

दादा म्हणाला, तू फार बारीक कीस काढतेस, देवाला 8 मैलच अभिप्रेत होते. बरं, धरू. मग तेच 8 मैल रामायणात लावू. लंकेपर्यंतचा समुद्र 100 योजनं, म्हणजे 800 मैल, जवळजवळ 1,280 किलोमीटर. रामसेतूची लांबी आहे साधारण 48 किलोमीटर. आणि अजून एक, जे मला स्वतःला वाचून फार आवडलं. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात जांबवान हनुमंताला त्याच्या लहानपणची हीच गोष्ट सांगतो, उगवता सूर्य फळ समजून तू झेप घेतलीस, आणि तिथे आकडा आहे 300 योजनं. तोच मारुती, तीच झेप, तोच सूर्य. मग एका ठिकाणचा आकडा देवाचा आणि दुसऱ्या ठिकाणचा नाही असं कसं म्हणायचं? मला तरी दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते, खूप लांब, माणसाच्या कल्पनेपलीकडे लांब, आणि ते पोर त्याला फळ समजून झेपावतं. समर्थांनी तर आकडाच दिला नाही. "आरक्त देखिलें डोळां ग्रासिलें सूर्यमंडळा, वाढतां वाढतां वाढे भेदिलें शून्यमंडळा." ही ओळ म्हणताना अण्णांचा आवाज चढायचा, आणि आम्ही भावंडं अंग चोरून बसायचो, इतकं ते वाढत जाणारं रूप खोलीत आल्यासारखं वाटायचं. तिथे कुणाला कॅल्क्युलेटर आठवला नाही.

आणि ज्यांनी खरोखर आयुष्यभर आकाश मोजलं त्यांचं काय? तुलसीदास काशीत वारले त्यानंतर 35 वर्षांनी, 1658 साली, त्याच काशीत कमलाकर नावाच्या ज्योतिर्विदाने सिद्धांततत्त्वविवेक लिहिला. घराणं मूळचं आपल्या गोदावरीकाठच्या गोलग्रामचं. हा माणूस सूर्यसिद्धांताचा कट्टर अभिमानी. सूर्यसिद्धांतात सूर्याच्या कक्षेचा परिघ 43,31,500 योजनं आहे, त्यावरून अंतर निघतं 6,89,000 योजनांच्या जरा वर, त्यांच्याच योजनाने साधारण 34 लाख मैल. आर्यभटाच्या आकड्यांनीही 34 लाखांच्या आसपासच येतं. खऱ्या अंतरापेक्षा सत्तावीसपट कमी. चालीसातली ओळ जर अंतराचं सूत्र असती तर काशीतल्या एका तरी पंडिताने ती वापरली नसती का? पंचांगं तर तिथे घरोघरी होत होती.

आता कुणी म्हणेल बघा आपलेच लोक चुकले असं सांगतेय ही. नाही, थांबा, उलट सांगतेय. याच लोकांनी चंद्र बरोबर मोजलाय! सूर्यसिद्धांतात चंद्राचं अंतर 51,566 योजनं निघतं, त्यांच्या योजनाने 4 लाख 12 हजार किलोमीटर, आणि खरं सरासरी अंतर 3 लाख 84 हजार. दुर्बीण नाही, घड्याळ म्हणजे घटिकापात्र, आणि एवढं जवळ! कारण चंद्राचं लंबन, म्हणजे बघणाऱ्याची जागा बदलली की तो आकाशात जेवढा सरकलेला दिसतो ते, जवळजवळ एक अंश आहे, ते ग्रहणांच्या वेधांतून पकडता येतं. सूर्याचं लंबन 9 विकलांहूनही कमी (अंशाचे 60 भाग म्हणजे कला, कलेचे 60 भाग म्हणजे विकला), नुसत्या डोळ्याला ते दिसणंच शक्य नाही. म्हणून त्यांनी एक गृहीत धरलं की सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात, सूर्याला फेरीला चंद्राच्या सव्वातेरापटीहून थोडा जास्त वेळ लागतो म्हणून तो तितकाच पट लांब. गृहीत चुकलं म्हणून उत्तर चुकलं, पण कसं आलं ते शेवटच्या पायरीपर्यंत दिसतं. आर्यभटाने 499 साली परिघ-व्यासाचं गुणोत्तर 62,832 भागिले 20,000 दिलं आणि त्याला स्वतःच आसन्न म्हटलं, जवळपासचं. हा शब्द वाचला की मला या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. आणि आपण काय फॉरवर्ड करतो, तर ज्यात कुणीही काहीही मोजलेलं नाही तो गुणाकार.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. 1994 मध्ये तीन इस्रायली संशोधकांनी एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलं की बायबलमधल्या उत्पत्तीच्या हिब्रू पुस्तकात ठराविक अंतराने अक्षरं घेतली की पुढे हजारो वर्षांनी होणाऱ्या रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंची, नावं आणि तारखा एकमेकांच्या जवळ सापडतात. 1999 मध्ये त्याच नियतकालिकात ब्रेंडन मॅके आणि इतरांनी दाखवलं की रब्बींची कुठली नावं, कुठलं स्पेलिंग घ्यायचं यात जी सूट होती तेवढीच सूट घेऊन टॉलस्टॉयच्या युद्ध आणि शांतीच्या हिब्रू भाषांतरातही तसंच सापडतं. रशाद खलिफाने कुराणात सगळीकडे 19 ची पटी आहे असं म्हटलं, आणि काही मोजण्या बसेनात तेव्हा नवव्या सुऱ्यातल्या शेवटच्या दोन आयतीच मुळातल्या नाहीत असं जाहीर केलं. म्हणजे आकडा वाचवायला ग्रंथ कापला. श्रद्धाळू मुसलमानांनाच त्याचं सगळ्यात जास्त दुःख झालं आणि मला ते पूर्ण समजतं.

दादाचा शेवटचा मुद्दा होता, आणि तो खरा मुद्दा आहे, की यामुळे पोरं चालीसा म्हणायला लागतात, तुझं काय जातं?

काय जातं ते सांगते. दादाचाच मुलगा, माझा भाचा, नववीत आहे. त्याने वडिलांचा मेसेज वाचला, माझं उत्तर वाचलं, स्वतः गुणाकार करून बघितला आणि रात्री मला फोन केला. म्हणाला, आत्या, हिशेब चुकला तर मग मारुती पण खोटा का? मला एकदम काही बोलताच येईना. आम्ही त्याच्या वयाचे असताना हा प्रश्न आमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, कारण अण्णांनी मारुती कधी कुठल्या आकड्यावर उभाच केला नव्हता. त्यांनी तो हृदयात उभा केला होता, अंधाराची भीती वाटली तर भीमरूपी म्हण, अंगात बळ येतं, बस. या मेसेजने त्या पोराचा देव 8 मैलांच्या योजनावर नेऊन ठेवला, आणि ते योजन मी पाच मिनिटांत हलवू शकले. मी नसते हलवलं तर उद्या कॉलेजात दुसरं कुणीतरी हलवलंच असतं, आणि त्या माणसाला भीमरूपी येत नसती.

त्याला मी म्हटलं, नाही रे, गोष्ट खोटी नाही झाली, तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी निघाली एवढंच. त्याला कितपत पटलं माहीत नाही. रविवारी घरी बोलावलं. आधी देवापुढे आम्ही दोघांनी भीमरूपी म्हटली, मग गच्चीवर गेलो, चंद्र वर आलाच होता. अंगठा समोर धरून एक डोळा मिटायला लावला, मग दुसरा, अंगठा सरकतो तो बघ, याचंच मोठं रूप म्हणजे लंबन. मग वहीत त्याच्याकडूनच करून घेतलं, वर्तुळाच्या 21,600 कला, चंद्राच्या कक्षेवर एका कलेला 15 योजनं, गुणाकार 3,24,000, त्याला दोन पायने (2π) भागलं, आठने गुणलं. उत्तर आल्यावर त्याने मोबाईलवर खरं अंतर शोधलं आणि दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसला. आत्या, हे माणसांनी केलं? असं दोनदा विचारलं.

वहीच्या त्या पानाचा फोटो त्याने स्वतःच ग्रुपवर टाकला. रात्री साडेअकराला दादाचा मेसेज आला, एकच ओळ. एका कलेला 15 योजनं हे कुठून काढलं, ते सांग.