खेळीमेळीच्या वातावरणात

सप्टेंबर आला की आमच्या नागपूरच्या पेपरांत एक वाक्य कुत्र्याच्या छत्रीसारखं जागोजागी उगवतं. 'सेवा सहकारी संस्थेची वार्षिक आमसभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' जिल्हा पानावर उपसंपादक म्हणून मी बावीस वर्षं काढली, त्यामुळे या वाक्याचं पाप माझ्याही माथी आहे. एकदा आमच्याच गावच्या सोसायटीची, म्हणजे शेतकऱ्यांना पीक कर्ज देणाऱ्या सेवा सहकारी संस्थेची, बातमी लावली. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन, "काहून रे, कायची खेळीमेळी? अहवाल वाचूच देला नाई. खताच्या हिशेबावरून खुर्च्या उचलल्या लोकाईनं."

बातमी वार्ताहराने पाठवली होती. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारं मानधन म्हणजे चहापाणी. त्याचं घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर, आणि दिवाळीला हमखास शुभेच्छा जाहिरात देणारा माणूस कोण, तर सोसायटीचा नाहीतर खरेदी-विक्री संघाचा अध्यक्ष. मग खुर्च्या कशा छापून येणार? त्या पोराला मी दोष देत नाही. दोष आमचा, डेस्कवर बसणाऱ्यांचा. आम्हाला सगळं कळत होतं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यातला एक परिसंवाद. विषय 'ग्रामीण सहकाराच्या वाढीत वृत्तपत्रांची भूमिका'. २०२१ मध्ये केंद्रात सहकाराचं स्वतंत्र मंत्रालय झालं, २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष ठरवलं, तेव्हापासून असे कार्यक्रम वाढलेत. वक्त्यांचा सूर एकच होता: पत्रकारांनी सकारात्मक लिहावं, यशोगाथा द्याव्यात, पुरवण्या काढाव्यात. माझं मत नेमकं उलटं आहे. पुरवणीने सहकार वाढत नाही. सभासदाला ताळेबंद वाचता आला तर कदाचित वाढेल.

सोसायटीच्या अहवालात 'वसुली ९० टक्के' असं असतं. आम्ही ते जसंच्या तसं छापतो, वर अध्यक्षांचा फोटो. आता शेतकऱ्याला विचारा ती वसुली कशी झाली. तो सांगेल, नवं-जुनं केलं. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य. मग मार्च अखेर गाठायला गडी गावातल्याच कुणाकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलतो, कर्ज भरतो, नवीन कर्ज मंजूर झालं की त्याचे परत करतो. त्या आठ दिवसांचं व्याज कुठल्याच अहवालात दिसत नाही. ज्या सावकाराच्या तावडीतून सोडवायला १९०४ च्या कायद्याने पतसंस्था आणल्या, तोच सावकार मार्चमध्ये सोसायटीची वसुली भरून देतो! याहून मोठी बातमी कोणती पाहिजे, राजेहो? पण ती प्रेसनोटमध्ये येत नाही.

'तुम्ही लिहिलं की संस्था बुडते,' हा आक्षेप मात्र मला खोटा वाटत नाही. ठेवी अडकल्याची चार ओळींची बातमी आली की सकाळी शटरपुढे रांग लागते आणि चांगली संस्थाही त्यात आडवी होऊ शकते. एका पतसंस्थेची बातमी आम्ही या भीतीपोटी पंधरा दिवस थांबवली. अध्यक्ष ऑफिसात येऊन हात जोडून गेले होते. नंतर कळलं की त्या पंधरा दिवसांत संचालकांच्या नातेवाइकांनी आपापल्या ठेवी काढून घेतल्या. राहिल्या त्या भाजीवाल्यांच्या आणि पेन्शनरांच्या. तेव्हापासून मी गप्प बसण्याला जबाबदारी म्हणत नाही.

आपल्या जिल्हा बँकेचंच बघा. सरकारी रोख्यांतल्या गुंतवणुकीचा घोटाळा २००२ मध्ये बाहेर आला, खटल्याचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. मधल्या काळात नागपूर, वर्धा, बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका रिझर्व्ह बँकेच्या परवान्यासाठी अडकून पडल्या आणि पीक कर्ज ज्यांना हवं होतं ते वाऱ्यावर. घोटाळा फुटल्यावर आम्ही पानंच्या पानं भरली. त्याच्या आदल्या वर्षीचा अहवाल आमच्या डेस्कवर कुणी उघडून पाहिला असेल, असं मला वाटत नाही.

असं नेहमीच नव्हतं. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केलं आणि नेवाशाजवळच्या तरवडीसारख्या खेड्यातून ते चालवलं. सावकारी आणि कर्ज हे शेतकऱ्याचेच विषय, त्याच्याच भाषेत. अमरावतीत पंजाबरावांनी 'महाराष्ट्र केसरी' हे वृत्तपत्र काढलं. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांसोबत उभा करणारे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तर शाळा शिकले आपल्या नागपुरात. आणि 'नोगा'चा जॅम खाल्लेल्या किती जणांना माहीत आहे की ते नाव नागपूरच्या संत्रा बागायतदारांच्या संघटनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत? ब्रँड आज सरकारी महामंडळाचा. बागायतदारांच्या हातून तो कसा गेला, ही मालिका आमच्या पिढीने लिहायला हवी होती. लिहिली नाही.

बाबा गेल्यावर त्यांचा सोसायटीतला शेअर माझ्या नावावर झाला. यंदा अहवाल मागितला तर सोसायटीचं दप्तर सांभाळणारे गटसचिव म्हणाले, "भाऊ, तुम्हाले कायले पाहिजे? सभेत वाचूनच दाखवतो ना." तीनदा चकरा मारल्यावर मिळाला. ऑडिट वर्ग (लेखापरीक्षणात संस्थेला मिळालेला दर्जा), थकबाकी आणि नफा-तोटा पत्रक, या तीन पानांचे फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. दिवसभर कुणी काही बोललं नाही. रात्री डेअरीवर दूध घालणाऱ्या एका वहिनींनी विचारलं, "हे 'इतर खर्च' म्हणजे काय जी? पगारापेक्षा जास्त दिसून राहिला."

सचिवांनी मेसेज वाचलाय, निळ्या खुणा दिसतात. उत्तर अजून नाही. आमसभा रविवारी आहे, वार्ताहरालाही बोलावलंय.