झाकणाखालचे पेन्शनर

माझ्या मेहुण्याने आजवर मला जिथे जिथे नेलं, तिथून परतताना माझं काहीतरी कमी झालेलं आहे. कधी पैसे, कधी झोप. या खेपेला डाव्या पायाचा अंगठा. म्हणजे तो पायाला अजून आहे, पण आमचं बोलणं बंद आहे.

"दाजी, तळं लहान आहे, मासे मोठे आहेत आणि वर बर्फाचं झाकण आहे. जातील कुठे?" एवढंच त्याचं प्रास्ताविक. मला ते बिनतोड वाटलं. पातेल्यात मासा आहे, वर झाकण आहे, आपण फक्त झाकणाला भोक पाडायचं. यात न जमण्यासारखं काय आहे?

मासे कुठले हे कळल्यावर तर उत्साह दुणावला. हे रेनबो ट्राउट तळ्याचे मूळ रहिवासी नव्हेत, हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवून आणून सोडलेले. बहुतेक वीतभरापेक्षा थोडे मोठे. पण त्यांत काही धिप्पाड असतात, चार-पाच किलोंचे. ते पैदाशीसाठी वर्षानुवर्षं पोसलेले नर-माद्या. त्यांचं काम सरलं की त्यांनाही तळ्यात सोडून देतात. म्हणजे चक्क सेवानिवृत्त! जन्म सिमेंटच्या हौदात गेला, ठरलेल्या वेळी गोळ्यांचं खाद्य मिळालं. आयुष्यात एक किडा स्वतःच्या हिमतीवर पकडलेला नाही. अशा प्राण्याशी आपली बरोबरी होऊ शकते, असं मला प्रथमच वाटलं.

तळ्यावर पाऊल ठेवण्याआधी मेहुण्याने माझ्या गळ्यात एक दोरी अडकवली. दोरीच्या दोन टोकांना दोन लाकडी मुठी आणि मुठींतून बाहेर आलेले टोकदार खिळे. "पडलात तर हे बर्फात रोवायचे आणि पोटावर सरपटत बाहेर यायचं." हे त्याने इतक्या सहज सांगितलं, जणू चष्मा कुठे ठेवलाय ते सांगतोय. मग म्हणाला, चालायला काचेसारखा स्वच्छ बर्फ निदान 10 सेंटिमीटर हवा आणि पांढुरका असेल तर त्याच्या दुप्पट. काठाजवळ भोक पाडून त्याने मोजपट्टी आत सोडली. 22 भरला. स्वच्छ की पांढुरका, हे विचारणार तेवढ्यात तळं ओरडलं.

ओरडलं म्हणजे खरंच ओरडलं. आधी पोटातून आल्यासारखा घुमणारा आवाज, मग या काठापासून त्या काठापर्यंत तार छेडल्यासारखी एक किंकाळी. मी दोन्ही खिळे हातात घेऊन जागच्या जागी बसलो. "काही नाही दाजी, थंडीने बर्फ आकसतोय, म्हणून तडकतो. आवाज येतोय तोवर चांगलंच." माझाही आवाज येत होता. त्यात चांगलं काही नव्हतं.

भोक पाडायला दोन गिरमिटं होती. एक 20 सेंटिमीटरचं, एक 15 चं. मेहुणा म्हणाला, मोठं घ्या. मी दोन्ही उचलून पाहिली, मनातल्या मनात वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं गणित केलं आणि जवळजवळ निम्मी मेहनत वाचते असं दिसल्यावर लहान घेतलं. शाळेतलं गणित उपयोगी पडल्याचा तो एकमेव प्रसंग. त्याचा निकाल पुढे येईलच.

गिरमिट फिरवताना घाम फुटतो आणि थांबलं की तोच घाम आतल्या आत गारठतो. भोक पडलं की आतला चुरा झाऱ्याने काढायचा. हो, झाराच, थेट स्वयंपाकघरातला शोभेल असा. काढला की पुन्हा साय धरते, पुन्हा काढायचा. गळाची काठी दोन फुटांची, खेळण्यातली वाटावी अशी. तिच्या कड्यांमध्ये ओला दोरा गोठतो, मग ती कडी तोंडात धरून वितळवायची. हे करताना कोणी फोटो काढू नये.

आमिष म्हणजे रंगीत कणकेचा गोळा. हौदातल्या खाद्याची आठवण व्हावी म्हणून तसा वास. मी तो थेट तळाशी सोडला. माझा तर्क शास्त्रशुद्ध होता: पाणी 4 अंशांना सर्वांत जड, म्हणून तळाशी साधारण तेवढं तापमान आणि बर्फाला टेकून शून्य. पेन्शनर उबेला बसणार, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? तासाभराने मेहुणा म्हणाला, "दाजी, ट्राउट वर असतात. बर्फाखाली हात-दोन हातांवर, काठाकाठाने फेऱ्या मारतात." सकाळचा फेरफटका! निवृत्तांची ही सवय मी कशी विसरलो?

मग त्याने मला बर्फावर पालथं झोपवलं. तोंड भोकावर आणि डोक्यावरून जाकीट, उजेड आत येऊ नये म्हणून. सांगतो, त्या दिवशी फुकट मिळालेली एवढी एकच गोष्ट. वरच्या पांढऱ्या वैराणाखाली हिरवट उजेडाची एक खोली होती. बर्फातून झिरपलेलं ऊन तळाच्या वाळूवर पसरलेलं, त्यात माझा केशरी गोळा लोंबकळत होता. अंगठा तेव्हाच मला सोडून गेला असावा. मला पत्ता नव्हता.

आणि ते आले. डावीकडून, अगदी सावकाश. अंगावर गुलाबी पट्टा, खालचा जबडा आकड्यासारखा वर वळलेला, परांच्या कडा हौदाच्या भिंतींना घासून झिजलेल्या. म्हातारा नर. गोळ्यापाशी थांबले, तोंडात घेतला, चव पाहिली आणि फुर्रकन थुंकून टाकला. मेसमधल्या जुन्या मेंबराने आमटी नाकारावी तसा. मी "आला, आला!" म्हणून ओरडलो. ते गेले.

दुसऱ्या फेरीला मी तोंड बंद ठेवलं. त्यांनी गोळा पुन्हा घेतला, या वेळी कल्ले मिटले, मी काठी उचलली आणि ती अर्धवर्तुळ झाली. पुढची पाच मिनिटं कोण कोणाला ओढत होतं हे सांगणं कठीण. मेहुणा ओरडत होता, "दोरा द्या! दाजी, दोरा द्या!" शेवटी भोकात डोकं दिसलं. डोकं नव्हे, एक कल्ला. महाराज आडवे आले होते. पाच किलोंचा आडवा मासा आणि 15 सेंटिमीटरचं भोक. मी ओढतोय, ते आडवे. मी सैल सोडतोय, ते आडवेच. बर्फाची खालची कड धारदार असते, तिच्यावर दोरा करकरत घासला आणि टप् झालं. काठी सरळ, मी उताणा.

मेहुणा काही बोलला नाही. फक्त मोठं गिरमिट उचलून माझ्या शेजारी ठेवलं.

मी पुन्हा पालथा झालो, जाकीट डोक्यावर घेतलं. दहा-पंधरा मिनिटं रिकामी खोली पाहिली. मग डावीकडून तेच आले, तितक्याच सावकाश. जबड्याच्या कोपऱ्यातून माझा तुटका दोरा पिकल्या मिशीसारखा लोंबत होता. भोकाखाली आले, क्षणभर थांबले, वर पाहिलं आणि फेरी पुरी करायला पुढे निघाले.