दुधीची कळी का गळते?

लेख छान आहे, पण दुधीची कळी गळत असेल तर खत वाढवा, हा सल्ला पटला नाही. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तोवर मधमाश्या परतलेल्या असतात आणि शहरातल्या गच्चीवर रात्रीचे पतंगही फारसे फिरकत नाहीत. मग नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत पोचणार कसा आणि फळ धरणार कसं? परागाविना कळी गळते, म्हणून हे काम आपणच करायचं. दिवेलागणीला वेलाजवळ जा. लांब, बारीक देठाचं ते नर फूल. पाकळ्यांमागे बोटाएवढा लवदार दुधी दिसला की ते मादी. नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. फळ धरलं की चार दिवसांत फुगायला लागतं.

आणि बी गावरानच लावा हो! संकरित वाणाचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एक दुधी वेलावरच टणक होऊ द्या, आत बी खुळखुळेपर्यंत. फक्त ज्या वेलाचा दुधी कडू निघाला, त्याचं बी अजिबात धरू नका आणि तो दुधी खाऊही नका.