जे चालत होतं ते तरी चालू द्या

डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

"तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला आता सपोर्ट नाही." खाली एकच बटण, ओके. ते दाबलं की प्रोग्रॅम बंद. 'जुनीच आवृत्ती चालू ठेवा' असं काही नाही, 'निदान माझी माहिती बाहेर काढून द्या' असंही नाही. आज सकाळी बाबांच्या लॅपटॉपवर हे आलं.

बाबा कित्येक वर्षांपासून आमच्या घराण्याची वंशावळ जमवतायत. लॅपटॉप विंडोज 7 चा, प्रोग्रॅम रीतसर पैसे मोजून घेतलेला. कोण कुणाची आत्या, कोण दत्तक गेलं, कुठली दोन भावंडं एकमेकांशी बोलायची थांबली, सगळं त्यात आहे. प्रत्येक नावाखाली बाबांची टीप असते: "काकूंनी फोनवर सांगितलं, साल नक्की नाही, पुन्हा विचारणे." ज्यांना पुन्हा विचारायचं होतं त्यातले बरेचजण आता हयात नाहीत.

काल रात्री हाच प्रोग्रॅम याच लॅपटॉपवर चालत होता. लॅपटॉपमध्ये काही बदललेलं नाही. बदललं ते कंपनीच्या बाजूला. प्रोग्रॅम उघडताना सर्व्हरला विचारतो की लायसन्स खरं आहे का, आणि सर्व्हरने विंडोज 7 ला उत्तर देणं बंद केलं. म्हणजे घर विकायचं, एक किल्ली स्वतःकडे ठेवायची आणि मनात येईल तेव्हा बाहेरून कुलूप घालायचं. माणसाचं सामान आत राहिलं तर राहू दे. याला सपोर्ट थांबवणं म्हणत नाहीत, दिलेली वस्तू काढून घेणं म्हणतात!

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, कृपया अपग्रेड करा.

कशावर करू? विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. बाबांचं मशीन त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे एक वंशावळ उघडायला चांगला चालणारा लॅपटॉप टाकून द्यायचा. आणि नवा घेतला तरी काही वर्षांनी हाच निरोप येणार.

आता लगेच कुणीतरी सुरक्षेचं सांगायला येईल. मान्य. 2017 मध्ये वॅनाक्रायने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या त्या व्हायरसने, काय केलं ते मलाही आठवतंय. विंडोज एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्येच संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टला तेव्हा त्यासाठी पॅच काढावा लागला होता. जुन्या सिस्टिमवर बँकेचे व्यवहार करू नयेत, बाबा करतही नाहीत.

आणि हेही मान्य की कधीकधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात काही नसतं. विंडोज 7 वर चालणारं शेवटचं क्रोम 109, 2023 च्या सुरुवातीचं. आज डेस्कटॉपवरचे ढीगभर प्रोग्रॅम आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोमचा मूळ गाभाच, असतात, त्यामुळे क्रोमियमने हात काढला की तेही अडकतात. 1 जानेवारी 2024 पासून स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपने विंडोज 7 आणि 8 सोडलं, तेव्हा हेच कारण दिलं होतं. ठीक आहे. पण बाबांच्या प्रोग्रॅमला ब्राउझर हवाय कशाला? नावं, तारखा, नाती. सगळं त्यांच्याच हार्ड डिस्कवर. इंटरनेट लागतं ते फक्त बाबा चोर नाहीत याची खात्री करायला.

ज्यांना करायचं असतं ते करतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची तिसरी मालिका विंडोज एक्सपीवरसुद्धा चालते, तीही फुकट. फायरफॉक्सने 115 ही आवृत्ती जुन्या विंडोजसाठी वेगळी ठेवली आणि आधी ठरवलेल्या तारखेच्या कितीतरी पुढेपर्यंत तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या दिल्या. ॲपलचं स्टोअर जुन्या आयफोनला विचारतं, तुमच्या फोनवर चालेल अशी शेवटची आवृत्ती देऊ का? एवढंच हवं असतं हो. नवीन सुविधा कुणी मागितल्यात?

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी पोचले तेव्हा बाबा म्हणाले, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल." सकाळपासून ते आठवत बसले होते की आपण काय चुकीचं केलं. त्या खिडकीत कुठेही लिहिलेलं नव्हतं की हे आम्ही ठरवून केलंय, तुमची काही चूक नाही. दोन ओळी लिहायला काय जात होतं? अशी किती म्हातारी माणसं स्वतःला दोष देत मशीन बंद करून उठत असतील.

मग जुने फोल्डर धुंडाळले. बाबांनी मागे कधीतरी जेडकॉम फाइल काढून ठेवली होती. वंशावळीसाठी 1984 पासून चालत आलेली ही पद्धत, आत साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडली आणि नावं दिसली, जन्मसालं दिसली, काकूंची ती टीपसुद्धा होती. मला रडू आलं, खरंच. पण त्यानंतरची भर त्यात नाही, आणि फोटोही नाहीत. फाइलमध्ये फोटो कुठे ठेवलाय याचा फक्त पत्ता असतो, आणि या प्रोग्रॅमने फोटो स्वतःच्या बंदिस्त फाइलमध्ये कोंबून ठेवलेत.

माझ्या यादीत सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारे खूपजण आहात. जुनी सिस्टिम सोडायचा निर्णय होईल त्या मीटिंगमध्ये तुमच्यापैकी कुणीतरी असणारच. सोडा, पण शेवटची आवृत्ती लायसन्सची तपासणी काढून साइटवर ठेवा, आणि माहिती बाहेर काढायचं बटण शेवटपर्यंत चालू ठेवा. वरचे ऐकत नसतील तर निदान वाद घाला.

आणि असल्या बंद फाइलमधून फोटो सोडवून काढायचं काम कुणी केलेलं असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. प्रोग्रॅमचं नाव आणि आवृत्ती तिथे सांगते. मूळ फाइलच्या दोन प्रती काढून ठेवल्यात, त्यामुळे प्रयोग करायला हरकत नाही.